शहरातील मशिदीत प्रथमच जाताना : खान्देशात नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

यावल, रावेर किंवा चोपडा तालुक्यातील गावातून शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी जळगाव, भुसावळ, धुळे येथे आलेल्या माणसाला शहरातील मोठी मशीद सुरुवातीला परकी वाटते. गावात मशीद एक, पेशइमाम (नमाज पढवणारे) एक, नमाज पढण्याची रीत एक आणि सफेत (नमाजीच्या रांगेत) उभे असलेले सगळे चेहरे ओळखीचे असतात. शहरात त्याच सफेत तडवी, पिंजारी, मन्यार, बागवान, शिकलगार आणि मोमीन उभे असतात. त्यांच्या शेजारी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कारागीर असतो, रेल्वेत बदली होऊन आलेला कोकणी माणूस असतो आणि वसतिगृहात राहणारा केरळी विद्यार्थीही असतो. कुणी हात छातीवर बांधतो, कुणी बेंबीखाली. कुणी ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, कुणी मनातल्या मनात. बयाण (प्रवचन) उर्दूत चालते, हौदाजवळ गप्पा अहिराणीत होतात आणि कार्यालयातील पावती मराठीत फाडली जाते.

मीही यावल तालुक्यातूनच जळगावात आलो आणि आता मशिदीच्या कामात थोडाफार हातभार लावत असल्याने नव्या माणसांच्या शंका माझ्यापर्यंत येतात. बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो : आपल्या गावची रीत सगळीकडे चालत असेल असे आपण गृहीत धरतो आणि विचारायला संकोचतो. पुढील टप्पे प्रामुख्याने नव्याने आलेल्या मुस्लिम वाचकांसाठी आहेत. मशीद पाहण्याची इच्छा असलेल्या इतर धर्मीय वाचकांसाठी आठवा टप्पा स्वतंत्रपणे लिहिला आहे.

१. मशीद कोणाची व कोणत्या पद्धतीची, हे आधी विचारावे

खान्देशातील बहुसंख्य सुन्नी मशिदी हनफी या धर्मशास्त्रीय पद्धतीने चालतात. मात्र त्यांतही बरेलवी आणि देवबंदी असे दोन मोठे मसलक (पंथ-परंपरा) आहेत. अहले हदीसच्या मशिदी वेगळ्या असतात. दाऊदी बोहरा समाजाच्या मशिदी त्यांच्या स्वतःच्या जमातीच्या व्यवस्थेखाली चालतात आणि तेथे बाहेरच्या व्यक्तीने आधी परवानगी घेऊनच जावे. दारावरील फलकावर मशिदीचे नाव आणि बहुतेक ठिकाणी न्यासाचा नोंदणी क्रमांक असतो. मसलक लिहिलेलाच असेल असे नाही.

हे विचारण्यासाठी योग्य माणूस म्हणजे मुअज्जिन साहेब. पेशइमाम नमाजीनंतर लोकांच्या गराड्यात असतात, ट्रस्टी फक्त शुक्रवारी दिसतात, पण बांग देणारे मुअज्जिन दिवसभर तेथेच असतात. कोणता नळ चालू आहे, शादीखान्याची चावी कोणाकडे आहे, मयतीचा ताटवा (मृतदेह नेण्याची खाट) कोठे ठेवलेला आहे, हे सगळे त्यांना ठाऊक असते. अस्रच्या नमाजीनंतर थांबून सलाम करावा, नाव, गाव आणि राहण्याचे ठिकाण सांगावे. एवढी ओळख पुढील अनेक टप्प्यांत उपयोगी पडते.

रोजच्या नमाजीसाठी घराजवळची किंवा कचेरीजवळची मशीद सोयीची, तर जुम्यासाठी (शुक्रवारच्या दुपारच्या नमाजीसाठी) ज्या मशिदीतील बयाण आपल्याला समजते ती निवडावी, असे माझे मत आहे. मसलकाच्या वादात मात्र नव्या माणसाने पहिले काही महिने अजिबात पडू नये. हौदाच्या कट्ट्यावर असा वाद कोणी ना कोणी काढतोच. तेथे वजू (नमाजीपूर्वी हात-तोंड-पाय धुणे) करून उठावे, हे उत्तम.

२. वेळ बांगेची नव्हे, जमातीची पाहावी

दर्शनी भिंतीवर छोट्या घड्याळांच्या तबकड्यांचा एक फलक असतो. त्यांतील काटे हाताने फिरवून ठेवलेले असतात : फजर, जोहर, अस्र, मगरिब, इशा आणि शेवटी जुमा. या तबकड्या जमात (सामुदायिक नमाज) उभी राहण्याची वेळ दाखवतात. बांग त्याआधी साधारण पंधरा-वीस मिनिटे होते. मगरिबचे मात्र तसे नाही. सूर्यास्ताबरोबर बांग आणि तिच्या पाठोपाठ लगेच जमात असते, त्यामुळे मगरिबला बांग ऐकून घरून निघालेला माणूस शेवटच्या रकातीला (नमाजीच्या आवर्तनाला) पोहोचतो. दिवसमान बदलते तसे काटे पुढेमागे केले जातात, म्हणून महिन्यापूर्वी काढलेल्या फोटोवर विसंबू नये.

फजरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक वापरता येत नाही. त्यामुळे फजरची बांग अनेक ठिकाणी आतल्या आतच दिली जाते आणि रस्त्यापलीकडच्या खोलीतही ती ऐकू येत नाही. भ्रमणध्वनीचा गजर लावावा.

मुंबईहून बदली होऊन आलेल्यांनी मुंबईचे वेळापत्रक येथे वापरू नये. एका रेखांशामागे सूर्याच्या वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो आणि जळगाव मुंबईच्या पूर्वेला पावणेतीन रेखांश आहे. म्हणजे येथे सूर्य साधारण दहा मिनिटे आधी मावळतो, ऋतूनुसार थोडा कमीजास्त. खान्देशातल्या खान्देशातही नंदुरबार आणि भुसावळ यांच्या मगरिबमध्ये पाच-सहा मिनिटांचे अंतर असते. एरवी हे चालून जाते, पण रमजानमध्ये नंदुरबारच्या माणसाने भुसावळचे पत्रक पाहून खजूर तोंडात घातला, तर रोजा सूर्यास्ताआधीच सुटतो.

कोकणी आणि केरळी बांधव प्रायः शाफई या दुसऱ्या धर्मशास्त्रीय पद्धतीचे असतात. त्यांच्याकडे वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली (दुपारची मूळ सावली वगळून) की अस्रची वेळ सुरू होते. हनफी पद्धतीत ती दुप्पट व्हावी लागते. म्हणून येथील अस्र त्यांना बरीच उशिरा वाटते. मशिदीत लवकर येऊन बांग का होत नाही, असे विचारणारे बहुधा तेच असतात. त्यात कोणाचीही चूक नाही.

३. सोबत काय न्यावे

फार काही लागत नाही. पुढील वस्तू पिशवीत असल्या की पुरे :

– टोपी. मशिदीत प्लॅस्टिकच्या किंवा वेताच्या टोप्यांची टोपली असते, पण स्वतःची कापडी टोपी केव्हाही चांगली.
– हातरुमाल किंवा छोटा पंचा, वजूनंतर तोंड-हात पुसण्यासाठी.
– चपला ठेवण्यासाठी कापडी पिशवी. जुम्याच्या गर्दीत चपलांच्या खणात अदलाबदल हमखास होते आणि ती बहुधा नव्या चपलांचीच होते.
– मार्च ते जून या काळात पातळ मुसल्ला (नमाजीची चटई). दुपारी सहनातील (मशिदीच्या अंगणातील) फरशी इतकी तापते की पाऊल ठेववत नाही. चटया टाकलेल्या असतात, पण शेवटच्या सफांना त्या पुरत नाहीत.
– आधारकार्डाची छायाप्रत. नमाजीसाठी नव्हे, शादीखाना, निकाह किंवा अभ्यासिकेच्या नोंदणीसाठी ती लागते.

पँट-शर्ट चालतो. घोटे उघडे राहतील अशा बेताने पँट ठेवण्याचा अनेकांचा आग्रह असतो. मागे मजकूर किंवा चित्र असलेला टी-शर्ट टाळावा, कारण मागच्या सफेतील माणसाची नजर सारखी तेथेच जाते. सज्द्यात (कपाळ जमिनीला टेकवून) गेल्यावर कंबर उघडी पडणार नाही एवढा लांब कपडा असावा. कच्चा कांदा-लसूण खाऊन किंवा विडी ओढून तडक मशिदीत येऊ नये. भरीत-भाकरीच्या प्रदेशात हे सांगणे अवघड आहे, पण भरिताच्या जेवणावर कच्चा कांदा खाल्ला असेल तर निदान तोंड नीट स्वच्छ करून यावे.

४. आत शिरणे आणि वजू

दारातून उजवे पाऊल आधी आत टाकावे आणि निघताना डावे आधी बाहेर. चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात. शौचालय बहुधा मागच्या बाजूला असते व तेथे वापरायच्या चपला वेगळ्या असतात. त्या घालून सहनात येऊ नये.

जुन्या मशिदींत मधोमध हौद असतो, नव्यांत नळांची रांग आणि समोर बसायचे ओटे. पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा मोकळा दिसणारा ओटा पाहून बसतो, मग शेजारचे एखादे बाबा बसल्या जागेवरून सांगतात, “आठे बस भो, तठे पानी येत नही.” आमच्याकडे पाणी रोज येतेच असे नाही, त्यामुळे वजूचे पाणी जपून वापरण्याची सवय करावी. तोटी पूर्ण सोडून बाह्या सावरत बसलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. बाह्या आधी कोपराच्या वर चढवाव्यात, मोजे काढून खिशात ठेवावेत, घड्याळ व अंगठी सैल करावी आणि मग तोटी बारीक सोडावी.

क्रम असा : नियत करून बिस्मिल्लाह म्हणावे, दोन्ही हात मनगटापर्यंत धुवावेत, तीनदा गुळणी करावी, तीनदा नाकात पाणी घ्यावे, मग चेहरा कपाळाच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत धुवावा. त्यानंतर आधी उजवा व मग डावा हात कोपरासह, ओल्या हाताने डोक्याचा मसह (डोक्यावरून हात फिरवणे) आणि शेवटी दोन्ही पाय घोट्यांसह. यांतील चेहरा, कोपरांसह हात, डोक्याचा मसह आणि घोट्यांसह पाय हे चार भाग हनफी पद्धतीत फर्ज (अनिवार्य) आहेत. जमात उभी राहत असेल आणि घाई झालीच, तर तीनऐवजी एकदा धुतले तरी वजू होते. मात्र कोपर किंवा टाच कोरडी राहिली तर होत नाही. घाईत टाचच कोरडी राहते, म्हणून बोट फिरवून खात्री करावी.

५. सफेत उभे राहणे

जमातीला वेळ असेल तर मशिदीत शिरताच दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढता येतात. फजरच्या वेळेत आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास मात्र हनफी लोक त्या टाळतात. नमाज पढत असलेल्या माणसाच्या पुढून जाऊ नये. खान्देशी माणूस एरवी बराच सैल, पण या एका गोष्टीवर तो लगेच हात आडवा करतो. वाट अडली असेल तर थांबावे किंवा मागून वळसा घालावा.

मशिदीचा रोख पश्चिमेकडे असतो. मक्का आणि जळगाव जवळजवळ एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या आसपास आहेत; तरीही पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग पश्चिमेच्या किंचित उत्तरेला झुकतो. भाड्याच्या खोलीत मुसल्ला अंथरताना होकायंत्राने पश्चिम शोधून उजवीकडे थोडे वळावे. मशिदीत हे पाहण्याची गरज नाही. सफेच्या रेषाच तशा आखलेल्या असतात.

आता सर्वांत जास्त गोंधळाची जागा. इकामत (जमात उभी राहत असल्याची घोषणा) सुरू होते, नवा माणूस सवयीने उभा राहतो आणि पाहतो तर सगळे बसलेले. बरेलवी मशिदींत ‘हय्या अलल फलाह’ येईपर्यंत बसून राहण्याची रीत आहे; इतरत्र इकामत सुरू होताच सफा सरळ करतात. उभे राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही, पण बसणे बरे दिसते. त्याचप्रमाणे शाफई माणूस रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतो, फजरला कुनूत (उभ्याने म्हणायची दुआ) पढतो. आपली सवय असेल तर हात उचलावेत. कुनूत मात्र हनफी इमामाच्या मागे येत नाही, त्यामुळे सगळे सज्द्यात जात असताना एकट्याने उभे राहून ती पढू नये. रुकू, सज्दा, सलाम यांत इमामाच्या पुढे जायचे नाही, एवढा नियम सगळ्याच पद्धतींत समान आहे.

उशीर झाला तर धावत येऊ नये. इमाम रुकूत असतील तर उभ्यानेच तकबीर (‘अल्लाहु अकबर’) म्हणून रुकूत जावे. रुकू मिळाला तर ती रकात मिळाली. रुकू सुटला तर ती रकात नंतर भरावी लागते. इमामाने दोन्ही बाजूंना सलाम फिरवल्यावर, आपण सलाम न फिरवता उठून राहिलेल्या रकाती पुऱ्या कराव्यात. फर्ज रकाती फजरच्या दोन, जोहर, अस्र आणि इशाच्या प्रत्येकी चार आणि मगरिबच्या तीन आहेत.

फिरतीवर असणाऱ्यांसाठी एक मुद्दा. हनफी पद्धतीत साधारण ७७-७८ किलोमीटरपेक्षा दूरच्या गावी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार फर्ज रकातींच्या दोन होतात. भुसावळचा माणूस जळगावला आला तर तो मुसाफिर नाही. जळगावहून धुळ्याला गेलेला आहे. मात्र स्थानिक इमामाच्या मागे उभा राहिल्यावर त्यालाही चारच पूर्ण कराव्या लागतात. दोन रकातींनंतर सलाम फिरवून निघून जाणारे अधूनमधून दिसतात.

६. जुमा

शुक्रवारी किमान अर्धा तास आधी पोहोचावे. पहिली बांग, मग उर्दूतील बयाण, मग चार रकात सुन्नत (प्रेषितांच्या प्रथेनुसारची नमाज), मग मिंबरासमोरची (इमामाच्या पायऱ्यांसमोरची) दुसरी बांग, अरबी खुतबा (जुम्याचे प्रवचन) आणि त्यानंतर दोन रकात फर्ज, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. खुतबा सुरू झाल्यावर बोलायचे नाही, शेजाऱ्याला ‘गप्प बसा’ असेही म्हणायचे नाही, भ्रमणध्वनी पाहायचा नाही. हनफी पद्धतीत त्या वेळी सुन्नतही सुरू करत नाहीत.

उशिरा येऊन लोकांच्या खांद्यांवरून पुढे सरकू नये. जेथे जागा मिळेल तेथे बसावे. वाहन मशिदीच्या गल्लीत न लावता दूर लावून चालत यावे. गल्ली दुकानदारांची आणि रहिवाशांचीही असते आणि दुपारी दीडला तेथून रुग्णवाहिका जाऊ शकली पाहिजे. नमाजीसाठी एक तासाची सवलत मिळेल का, हे नोकरीच्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट विचारावे. गुपचूप निघून जाण्यापेक्षा ते कधीही चांगले.

७. स्त्रियांसाठी

या बाबतीत आमच्या भागातील स्थिती समाधानकारक नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. खान्देशातील अनेक मशिदींत स्त्रियांच्या नमाजीसाठी जागाच नाही. अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात स्त्रियांना मशिदीत नमाजीसाठी प्रवेशाची मुभा असल्याचे म्हटले आहे. पण मुभा असणे आणि वेगळा जिना, वजूची जागा, शौचालय असणे यांत अंतर आहे.

म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी, आणि ‘स्त्रियांना चालते का’ असे मोघम न विचारता, ‘स्त्रियांची नमाजीची जागा कोठे आहे, दार कोणत्या बाजूने आहे आणि ती कोणत्या नमाजीला उघडी असते’ असे नेमके विचारावे. काही ठिकाणी वरचा मजला केवळ रमजानमध्ये किंवा साप्ताहिक इज्तिमाच्या (धार्मिक मेळाव्याच्या) दिवशी उघडतात. प्रवासात असलेल्या बहिणींना बस-स्थानकाजवळच्या मशिदीतील मुअज्जिन एखादी खोली उघडून देतात, असा अनुभव आहे; सोबत पुरुष नसला तरी विचारायला हरकत नाही. मुअज्जिन साहेबांना ‘चाचा’ किंवा ‘भाईजान’ म्हणून हाक मारावी.

ओढणी अशी असावी की केस, मान आणि हात मनगटापर्यंत झाकले जातील. वरच्या मजल्यावर इमाम दिसत नाहीत आणि वीज गेली तर आवाजही येत नाही. म्हणून पुढच्या सफेत उभे राहून खालची तकबीर कानावर येते का, हे आधी पाहून घ्यावे.

८. इतर धर्मीय पाहुण्यांसाठी

शेजाऱ्याच्या निमंत्रणावरून, अभ्यासासाठी किंवा केवळ कुतूहलापोटी मशीद पाहायला येणाऱ्यांचे बहुतेक ठिकाणी स्वागतच होते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘मस्जिद परिचय’ या नावाने खास त्यासाठी कार्यक्रमही होतात. एकटे येणार असाल तर आदल्या दिवशी मुअज्जिन किंवा कार्यालयात सांगून ठेवावे. सर्वांत निवांत वेळ अस्रची जमात संपल्यापासून मगरिबच्या आधीपर्यंतची. शुक्रवारची दुपार टाळावी. त्या वेळी बोलायला कोणालाही सवड नसते.

नारळ, फुले, पेढे काही आणू नयेत. दर्ग्यात चादर आणि फुले चढवण्याची रीत असते, ती मशिदीत नसते. आत मूर्ती, तसबीर किंवा प्रसाद नसतो. पश्चिमेच्या भिंतीतील कोनाडा म्हणजे मिहराब, तेथे इमाम उभे राहतात. शेजारच्या पायऱ्या म्हणजे मिंबर, त्यावरून खुतबा देतात. पाहुण्यांनी वजू करणे आवश्यक नाही, पण पाय धुतलेले असावेत आणि डोके रुमालाने किंवा ओढणीने झाकावे. जमात चालू असेल तर मागच्या भिंतीशी बसून पाहता येते. फोटो विचारून काढावेत. नमाज पढणाऱ्यांचे समोरून काढू नयेत. कुराणाची प्रत पाहायची असेल तर स्वतः न उचलता मागून घ्यावी. मराठी भाषांतर काही कार्यालयांत मिळते.

विद्यार्थ्यांना सहलीला न्यायचे असेल तर शाळेच्या पत्रावर संख्या, वेळ आणि सोबतच्या शिक्षकांची नावे लिहून ते मशिदीच्या न्यासाला द्यावे. सहल लांबची असेल तर बऱ्हाणपूरची जामा मशीद अवश्य दाखवावी. खान्देशावर १३८२ ते १६०१ या काळात फारुकी घराण्याचे राज्य होते. त्यांची राजधानी आधी तापीकाठच्या थाळनेरला आणि पुढे बऱ्हाणपूरला होती. राजा अली खान फारुकीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखासोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर आहे आणि भुसावळहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. शुक्रवार सोडून जावे.

९. रमजान आणि ईद

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि चंद्रदर्शनावर ठरतो, म्हणून रजा मागताना ‘अमुक किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी’ असे लिहून द्यावे. तरावीह (रमजानच्या रात्रीची, क्रमाने कुराण पढली जाणारी नमाज) हनफी मशिदीत २० रकाती असतात, अहले हदीस मशिदीत ८. कोठे रोज सव्वा पारा (कुराणाच्या तीस भागांपैकी एक म्हणजे पारा) होतो, कोठे अधिक. सकाळी लवकर कामावर जाणाऱ्यांनी पहिल्याच रात्री हे विचारून मशीद ठरवावी, कारण कुराण मध्येच सोडून दुसरीकडे जाणे मनाला लागते.

खोलीवर एकटे राहणाऱ्यांनी इफ्तारीसाठी मशिदीत अवश्य यावे. दस्तरखानावर कोण कोठला, हे कोणी विचारत नाही. येताना खजूर किंवा, आपला भाग केळ्यांचा असल्याने, डझनभर केळी आणली तर ती तेथेच कापून वाटली जातात. फित्रा (रमजानअखेरचे गरिबांसाठीचे दान) ईदच्या नमाजीपूर्वी द्यायचा असतो. तो माणशी साधारण पावणेदोन ते दोन किलो गव्हाच्या किमतीएवढा धरतात आणि त्या वर्षीची रक्कम मशीद जाहीर करते. बऱ्याच जणांना तो नमाजीनंतर आठवतो, तेव्हा तो केवळ साधा सदका (ऐच्छिक दान) उरतो.

ईदची नमाज ईदगाहवर असते, हनफी पद्धतीत तिच्यात सहा जादा तकबिरा असतात आणि पावसामुळे ती मशिदीत हलवली जाऊ शकते. आदल्या रात्री मशिदीच्या व्हॉट्सअॅप गटावर खात्री करून घ्यावी.

१०. केंद्राच्या सेवा : निकाह, शादीखाना, मयत

मोठ्या मशिदीला लागून शादीखाना, मकतब (मुलांची कुराणशाळा), एखादी अभ्यासिका, कधी औषधांची मदत करणारी खिडकी असते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणारी मुले बसतात आणि बहुतेक ठिकाणी कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला बसता येते. ओळखपत्र आणि एक छायाचित्र पुरते.

निकाहसाठी वधू-वरांचे आधारकार्ड, वयाचा पुरावा (मुलगी १८, मुलगा २१ पूर्ण), छायाचित्रे आणि साक्षीदारांची ओळखपत्रे लागतात. मेहेरची रक्कम आधी ठरलेली असावी. काझीसाहेब नोंदवही उघडून बसल्यावर दोन्ही बाजूंनी कुजबुज सुरू होणे शोभत नाही. दुसरा विवाह असेल तर आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला किंवा तलाकची कागदपत्रे हवीत. बाहेरगावच्या माणसाकडे त्याच्या गावच्या जमातीचे (तेथील मुस्लिम समाजाचे) पत्र मागतात आणि नेमके हेच पत्र आणायला उशीर होतो, म्हणून तारीख ठरण्याआधी ते मागवावे. निकाहनामा मिळाला म्हणजे काम संपले असे समजू नये. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली महापालिकेत, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत वेगळी नोंदणी करावी लागते, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या वेळी तेच प्रमाणपत्र विचारले जाते. निकाहनाम्यावरील नावाचे शुद्धलेखन आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे सही करण्यापूर्वी पाहावे. ‘शेख’ आधी आहे की नंतर, यावरून लोकांनी कार्यालयांचे खेटे घातलेले मी पाहिले आहेत.

मयत झाली तर वेळ न पाहता मुअज्जिनांना फोन करावा. गुसलची (मयतीला आंघोळ घालण्याची) जागा, कफन, ताटवा आणि कब्रस्तानातील कब्र खोदणाऱ्यांचा संपर्क तेथूनच मिळतो. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र तेथून घेतल्याशिवाय निघू नये. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. जनाजाच्या नमाजीत चार तकबिरा असतात, रुकू-सज्दा नसतो आणि ती उभ्यानेच होते. शेजारचे हिंदू मित्र खांदा द्यायला आणि माती द्यायला येतात, त्यांना कोणी अडवत नाही. ते मागे उभे राहिले तरी चालते.

११. पैसे देताना

प्रवेशद्वाराजवळच्या पेट्या एकसारख्या दिसतात, पण त्यांवरची अक्षरे वाचून पैसे टाकावेत. जकात मशिदीच्या बांधकामाला, विजेच्या बिलाला किंवा इमामाच्या पगाराला चालत नाही, ती हक्कदार माणसाच्या हाती पडावी लागते. मशिदीसाठी साध्या देणगीची पेटी वेगळी असते. जकात म्हणजे वर्षभर जवळ राहिलेल्या मालाच्या अडीच टक्के. चांदीचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) ६१२.३६ ग्रॅम आणि सोन्याचा ८७.४८ ग्रॅम धरला जातो.

मोठी रक्कम द्यायची असेल तर पेटीत न टाकता कार्यालयात द्यावी आणि पावती घ्यावी. पावतीवर न्यासाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्कम कोणत्या खात्यात घेतली (जकात, मदरसा, मशीद, यतीम म्हणजे अनाथ) हे लिहिलेले असावे. रमजानमध्ये बाहेरगावच्या मदरशांच्या नावाने पावतीपुस्तके घेऊन फिरणारे अनेक येतात. त्यांतील बरेच खरे असतात. तरीही पेशइमामांनी जमातीनंतर ज्यांची ओळख करून दिली असेल त्यांनाच द्यावे, आणि इतरांना कार्यालयात पाठवावे.